लेझर कटर: बादली की चिलर?
भाच्याने ४० वॉटचा सीओटू लेझर कटर घेतला. त्याची ट्यूब, म्हणजे लेझर तयार करणारी काचेची नळी, तापते; म्हणून तिच्यातून गार पाणी फिरवावं लागतं. ते बादलीतून पंपाने फिरवायचं, नाहीतर चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, घ्यायचं. प्रश्न आला, "मामा, बादली-पंप पुरेल की चिलर घेऊ?"

खर्चात बादलीला तोड नाही: डिस्टिल्ड वॉटर, छोटा पंप, बर्फाच्या बाटल्या. मेहनत मात्र तिचीच जास्त. ट्यूबला २० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. पुण्याच्या एप्रिलात ते बघता बघता तिशीपार जातं. शिवाय शेवाळ धरतं.

चिलर महाग, पण तापमान एकदा लावलं की बघायला नको. जाळीवरची धूळ झाडायची नि अधूनमधून पाणी बदलायचं, एवढंच. सीडब्ल्यू-३००० हे चिलरचं मॉडेल मात्र घेऊ नकोस. त्यात कॉम्प्रेसरच नाही, नुसता पंखा नि रेडिएटर. खोलीपेक्षा थंड पाणी तो देणार कुठून? सीडब्ल्यू-५२०० बघ.

पावसाळ्यात पाणी फार गार केलंस तर ट्यूबवर दव धरेल, बादली असो की चिलर.

रविवारी अर्धा तास कापणार असशील तर बादली. ऑर्डरी घेणार असशील तर चिलरच.