कस्टम पोस्ट टाइपला टेम्प्लेट द्यायचं, पण कुठल्या वाटेनं?

वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर आहे आणि तुम्ही 'बुक' हा कस्टम पोस्ट टाइप (आपण स्वतः ठरवलेला नोंदींचा प्रकार) नोंदवलाय, असं धरू. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर मुखपृष्ठ, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक दिसायला हवेत. आता त्यासाठी टेम्प्लेट (पानाच्या मांडणीचा साचा) कसं द्यायचं?

जुनी वाट म्हणजे चाइल्ड थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या मूळ थीमवर आधारलेली, आपले बदल ठेवायची थीम) 'सिंगल-बुक.पीएचपी' ही फाइल. नाव जुळलं की वर्डप्रेस ती आपणहून उचलतं. ती नसेल तर 'सिंगल', मग 'सिंग्युलर', शेवटी 'इंडेक्स' अशा पायऱ्या उतरतं. हजार पुस्तकं असोत, नोंद करणाऱ्याला काहीच निवडावं लागत नाही. मला हीच वाट सगळ्यात भरवशाची वाटते, कारण माणूस विसरतो आणि फाइलचं नाव विसरत नाही. यादीच्या पानाला 'आर्काइव्ह-बुक.पीएचपी' लागते, मात्र पोस्ट टाइप नोंदवताना आर्काइव्ह (म्हणजे हे यादीचं पान) चालू केलेलं हवं.

दुसरी वाट वर्डप्रेसच्या 4.7 आवृत्तीपासूनची, म्हणजे 2016 ची. फाइलच्या माथ्यावरच्या कॉमेंटमध्ये टेम्प्लेटचं नाव आणि ते कुठल्या पोस्ट टाइपसाठी, एवढं लिहिलं की संपादनाच्या पडद्यावर निवड मिळते. ही निवड 'सिंगल-बुक'वरही मात करते. दुर्मिळ पुस्तकांची पाच-दहा पानं वेगळी दाखवायची असतील तर ही सोय उत्तम. सगळ्याच पुस्तकांना लावायला जाल, तर एखादी नोंद निवडीविना राहणारच.

कोड नको असेल तर ब्लॉक थीम (ब्लॉक म्हणजे मांडणीचे तुकडे जोडून घडणारी थीम) आणि ती पडद्यावरच बदलायचा साइट एडिटर. 5.9 पासून हे कोअरमध्ये, म्हणजे मूळ वर्डप्रेसमध्येच, आहे. मांडणी डोळ्यांसमोर घडते, पण बदल डेटाबेसमध्ये साठतात. थीमची फाइल नंतर सुधारली तरी साइटवर एडिटरमधलंच रूप दिसत राहतं. दाखल क्रमांकासारखी कस्टम फील्ड (नोंदीला जोडलेली जादा माहिती) ब्लॉकला जोडायची सोय कोअरमध्ये 6.5 पासून आली, म्हणून जुन्या आवृत्तीवर असाल तर या वाटेला जाऊ नका.

वाट कुठलीही धरा, पोस्ट टाइपची नोंदणी मात्र थीममध्ये नको, छोट्या प्लगइनमध्येच करा. थीम बदलली की टेम्प्लेट नव्यानं बनवता येतं. पण नोंदणीच थीमबरोबर गेली, तर डेटाबेसमध्ये सुखरूप असलेली सगळी पुस्तकं डॅशबोर्डवरून गायब होतात आणि वाचनालयाच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नोंदणीनंतर पुस्तकाचं पान '404' (पान सापडलं नाही) दाखवत असेल, तर टेम्प्लेटला हात लावण्याआधी सेटिंग्जमधल्या पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन एकदा सेव्ह करा.