राक्षस बसवायचा कुठे? तिसरी-चौथीच्या गोष्टींसाठी पुण्यातल्या चार जागा

तिसरी-चौथीच्या मुलांना ‘राक्षसाची गोष्ट लिहा’ म्हटलं की वर्ग खूश. ‘पण गोष्ट जुन्या काळातली हवी’ म्हटलं की चेहरे पडतात, कारण जुना काळ म्हणजे सनावळ्या हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून आधी जागा ठरवावी.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो शनिवारवाडा. माझ्या मते तोच सगळ्यात अवघड. 30 ऑगस्ट 1773 ला तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘काका, मला वाचवा’ पोरांना घरूनच पाठ असतं. मग वहीमागून वहीत तेच भूत. खऱ्या खुनाभोवती आठ वर्षांच्या मुलांना घुटमळत ठेवणंही मला पटत नाही. न्यायचंच असेल तर दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे दाखवा. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून ते ठोकलेत. हत्तीऐवजी दुसरं कोण येत असेल, एवढंच विचारा.

सिंहगडावर माहितीला तोटा नाही, चौथीला शिवरायांचा इतिहास असतोच. पण तानाजी मालुसऱ्यांपुढे राक्षस फक्त मार खायला येतो, तोही हमखास शत्रूच्या फौजेत भरती होऊन. त्यातून वर्गात जी चर्चा निघते ती निस्तरत बसावं लागतं.

खरी निवड उरलेल्या दोघांत.

जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी आठव्या शतकाच्या सुमाराची, अख्ख्या कातळात कोरलेली. समोर गोल नंदीमंडप. काम मात्र अर्धवट राहिलेलं. ‘कारागीर छिन्नी-हातोडा टाकून का गेले?’ या एका प्रश्नावर तिसरीचं पोरगंही गोष्ट सुरू करतं. अडचण एकच: त्या काळातल्या रोजच्या जगण्याचे तपशील मुलांकडे नसतात. राक्षस मिरचीचा ठेचा खातो, आणि मिरची तर पोर्तुगिजांबरोबर आली!

कात्रजचा नळ मात्र चौथीसाठी मला सरस वाटतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, नुसत्या उतारावर. मध्ये हवेसाठी उच्छ्वास बांधलेले. फळ्यावर तलाव, उतार, उच्छ्वास, हौद एवढं काढलं की राक्षसाला घर मिळतं, आणि पाणी अडलं की गोष्टीला अडचणही. नुसतं ‘राक्षस आला, त्याला दहा तोंडं होती’ असं लिहिणारा मुलगा मग लिहितो, ‘आज हौदात पाणी आलं नाही, पण उच्छ्वासातून कुणीतरी घोरत होतं.’ इथे ठेचा चालतो. टॉर्चऐवजी मशाल द्यावी, एवढंच.

नळ जमिनीखाली असल्याने दाखवता येत नाही, ही उणीव खरी. सहल काढायचीच असेल किंवा वर्ग तिसरीचा असेल तर पाताळेश्वर घ्या: शहराच्या मध्यात आहे, सावली आहे. चौथीला दोन तासिका सलग मिळत असतील तर नळच. पहिल्या तासिकेत फक्त नकाशा आणि राक्षसाच्या सवयी, लिहिणं दुसऱ्या तासिकेत. राक्षस मेलाच पाहिजे असा आग्रह नको. पाणी सोडायच्या बदल्यात रोज पुरणपोळी मागणारा राक्षस पेशवाईत अगदी शोभतो.