ऑनलाइन समुपदेशन: कोल्हापुरातल्या घरातून काही महिने वापरल्यावर

घरातला रोजचा ताण, मुलांचं वागणं, नवरा-बायकोतली धुसफूस यांसाठी ऑनलाइन समुपदेशन घ्यावं का? घ्यावं. काही महिने नेमानं वापरल्यावर हे खात्रीनं सांगता येतं. फक्त ॲप कुठलं याला फारसं महत्त्व नाही. घरात मोकळं बोलायला जागा आहे का आणि दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात तुम्ही काय करता, यावर सगळं ठरतं.

आधी जागेचं बोलू, कारण बहुतेकांचं तिथंच अडतं. मंगळवार पेठेतलं जुनं घर असो की राजारामपुरीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, दार लावून बसलं की थोड्याच वेळात कोणीतरी "काय चाललंय गं आत?" म्हणून डोकावतं. सासूबद्दल बोलायचंय आणि सासूबाई दाराबाहेर भाजी निवडत बसल्यात, मग माणूस वरवरचंच बोलतो आणि सेशन फुकट जातं. ईअरफोन लावला की काम भागलं असं वाटतं, पण त्यानं समुपदेशकाचा आवाज लपतो, तुमचा नाही. दाराच्या बाहेरच्या बाजूला टेबलफॅन लावून ठेवला तर बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू जात नाही. नाव घ्यायची वेळ आली की चॅटमध्ये टाइप करावं. सावलीत उभी केलेली गाडी हाही चांगला पर्याय आहे, गाडी चालवत मात्र कधीही नाही. ज्यांच्या कारखान्याला किंवा दुकानाला सोमवारची सुट्टी असते त्यांनी सोमवार सकाळची वेळ घ्यावी. मुलं शाळेत असतात, घर शांत असतं. संध्याकाळी आठची वेळ सगळ्यांनाच हवी असते आणि नेमकी तेव्हाच जेवणाची घाई असते.

तांत्रिक बाजू सोपी आहे. फोन हातात न धरता स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. वायरचा माइकवाला ईअरफोन घ्यावा, म्हणजे मध्येच चार्जिंग संपायची भीती नाही. पावसाळ्यात लाइट गेली की वायफायही जातं, म्हणून मोबाइल डेटा शिल्लक ठेवावा. दोघांचं एकत्र सेशन असेल तर एकच फोन स्पीकरवर ठेवा. एकाच खोलीत दोन फोन जोडले की आवाज घुमतो आणि आधीच तापलेली माणसं आणखी वैतागतात.

समोरचा माणूस कोण आहे हे तपासायला लाजू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडं रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, तिचा नंबर सरळ मागावा. कौटुंबिक समुपदेशक एमए किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) झालेले असू शकतात आणि त्यांतले कित्येक उत्तम काम करतात. त्यांना कोणाच्या देखरेखीखाली किती काम केलंय ते विचारावं. औषध सायकॉलॉजिस्ट देत नाही, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच लागतो. चांगल्या समुपदेशकाची पहिली खूण पहिल्याच सेशनमध्ये दिसते. तुम्ही आत्ता कुठं बसलाय, पत्ता काय, अडचण आलीच तर कोणाला फोन करायचा, हे तो आधी विचारतो. मग गुप्तता कुठवर पाळली जाईल ते सांगतो. हे काहीच न विचारता "बोला, काय त्रास आहे" असं सुरू करणारा माणूस बदलावा.

पालकत्वाच्या बाबतीत ऑनलाइन सेशनचा फायदा सगळ्यात लवकर दिसतो, कारण खरं काम पालकांनीच करायचं असतं. पाच-सहा वर्षांच्या पोराला स्क्रीनसमोर बसवण्यात अर्थ नाही, ते टिकत नाही. सेशन आई-वडिलांचंच घ्यावं. समुपदेशक बहुधा आधी तीन रकाने लिहायला सांगतो: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. उदाहरणार्थ: "रात्री साडेआठ, जेवायला बोलावलं, मोबाइल काढून घेतला. आरडाओरडा, ताट ढकललं. आजीनं मोबाइल परत दिला." असं आठवडाभर लिहिलं की दुखणं तिसऱ्या रकान्यात दिसतं.

मग मोबाइल द्यायचा नाही असं ठरतं आणि इथंच बहुतेक घरं हार खातात. पहिले काही दिवस रडणं कमी न होता वाढतं. हे अपेक्षितच असतं आणि समुपदेशकानं ते आधी सांगायलाच हवं. चौथ्या दिवशी कंटाळून मोबाइल दिला, तर जास्त वेळ रडलं की मिळतो एवढं मूल पक्कं शिकतं आणि पुढच्या वेळी ते आणखी ताणतं. म्हणून आजी-आजोबांसाठी वेगळी वीस मिनिटं मागून घ्यावीत. "तुम्ही मध्ये पडू नका" असं सांगितलं की आजी दुखावते. त्याऐवजी तिला काम द्यावं: जेवणाआधी दहा मिनिटं नातवाला ताटं-वाट्या मांडायला सोबत घ्यायचं, मोबाइल तेव्हाच कपाटात. बदल इथून सुरू होतो.

याच्या जोडीला रोज पाच मिनिटं मुलाबरोबर नुसतं खेळायचं. खेळ मूल निवडणार. त्या पाच मिनिटांत प्रश्न नाहीत, सूचना नाहीत, शिकवणं नाही. मूल करतंय ते फक्त बोलून दाखवायचं: "लाल ठोकळा वर ठेवलास." ऐकायला किरकोळ वाटतं, पण करायला फार अवघड आहे. आपल्या तोंडून "हा कुठला रंग?" निघतोच. सूचना द्यायची तर जवळ जाऊन, एका वेळी एकच, आणि पाच सेकंद थांबायचं. ऐकलं तर "शाब्बास" एवढ्यावर न थांबता "सांगितल्याबरोबर दप्तर जागेवर ठेवलंस" असं नेमकं बोलायचं.

दहावी-बारावीच्या मुलांचं सेशन मात्र त्यांचं एकट्याचं असावं. आईनं दाराला कान लावला हे एकदा कळलं की पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगितलं जाईल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती पोक्सो कायद्यानुसार कळवावीच लागते, एवढं मुलासमोरच स्पष्ट व्हावं.

चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ प्रश्नावली सुरुवातीला आणि नंतर महिन्यानं भरावी. गुण ० ते २१ असतात. आकडा १० किंवा त्याच्या वर असेल तर नीट तपासणी हवी.

काही गोष्टींसाठी ऑनलाइन सेशनची वाट बघू नये. जीव द्यायचे विचार, कानात आवाज येणं, दारू एकदम सोडल्यावर हात थरथरणं, यासाठी थेट डॉक्टरकडं किंवा सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात जावं. घरात मारहाण होत असेल तर जोडप्याचं एकत्र सेशन घेऊच नये, कारण सेशनमध्ये बोललेल्याची किंमत नंतर घरात मोजावी लागते. तिथं १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावावा. आणि खर्चच झेपत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. तिथं दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नये, पण रात्री दोनला जीव घाबरा झाला तर याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही.

खासगी ॲपचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे समुपदेशक मध्येच सोडून जातो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून तीन रकान्यांची वही आणि ठरलेले उपाय आपल्याकडं लिहिलेले असावेत. सुरुवातीला एकेका सेशनचेच पैसे भरा, बारा सेशनचं पॅकेज गळ्यात मारलं जातं ते घेऊ नका. चारेक आठवडे दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, असं अंतर वाढत गेलं पाहिजे. चार सेशननंतरही घरी करायला एकही काम दिलेलं नसेल तर माणूस बदला. आणि बंद करताना नुसतं ॲप काढून टाकलं म्हणून पैसे कापले जायचे थांबत नाहीत, यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपेचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करावं लागतं.