लिनक्स मिंट २२ काही महिने वापरल्यावर: काळी स्क्रीन, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि पहिलं इन्स्टॉलेशन

हा अनुभव लिनक्स मिंट २२ च्या सिनॅमन (मिंटचा नेहमीचा डेस्कटॉप) आवृत्तीचा, दोन प्रकारच्या मशीनवरचा आहे. एक फक्त इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्सवर चालणारा डेस्कटॉप, दुसरा इंटेलच्या जोडीला एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असलेला लॅपटॉप. डेस्कटॉपबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉल केलं, स्क्रीन पहिल्या मिनिटापासून योग्य रिझोल्यूशनला आली आणि तशीच राहिली. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, त्यामुळे तिथे वेगळं काही टाकावं लागत नाही. नवशिक्याची खरी परीक्षा होते ती लॅपटॉपवर.

एक सूचना आधीच. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं. ते उबुंटू २४.०४ वर आधारलेलं आहे आणि २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा अशी सांगितली जाते. प्रत्यक्षात ४ जीबीच्या खाली ब्राउझर उघडला की मशीन दमतं, आणि २० जीबीत टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टीमच्या आधीच्या स्थितीच्या प्रती) ठेवायला जागाच उरत नाही. ५० जीबी तरी द्या.

पेन ड्राइव्ह लावण्याआधी

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनसाठी उतरवायची फाइल, जवळपास ३ जीबीची आहे, म्हणून ४ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण ८ जीबीचा घेतलेला बरा. डाउनलोड झाल्यावर शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण आणि अचूक उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून पाहा. इन्स्टॉलेशन मधेच थांबणं, ‘फाइल वाचता येत नाही’ असा एरर येणं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ अर्धवट उतरलेल्या फाइलमध्ये किंवा दमलेल्या पेन ड्राइव्हमध्ये असतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिने पुढचा सगळा संशय मिटतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर विंडोजमध्ये तीन कामं आधी उरका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बाहेर कुठेतरी लिहून ठेवा आणि बिटलॉकर बंद करा. फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज ‘बंद’ होताना खरं तर अर्धवट झोपतं आणि त्याचं पार्टिशन लिनक्सला फक्त वाचण्यापुरतं मिळतं. आणि जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर ती बहुतेकदा बिघडलेली नसते. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज सहसा इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीत लावलेलं असतं, ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावं लागतं. मात्र थेट बदललं तर विंडोज सुरूच होत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, सेफ मोड एकदा येऊ द्यायचा आणि नंतर तो काढून टाकायचा.

काळी स्क्रीन

पेन ड्राइव्हवरून मेन्यू दिसतो, ‘स्टार्ट लिनक्स मिंट’ निवडतो, लोगो येतो आणि स्क्रीन काळी होते. किंवा वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहते. अशा वेळी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्याने किंवा दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) उतरवण्याने सहसा काही साधत नाही. कारण तिथे नाहीच.

होतं असं. कर्नल सुरू होताना ग्राफिक्स कार्डाचा ताबा घेतो आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन स्वतः लावतो. एनव्हीडियाच्या कार्डांसाठी कर्नलमध्ये नुव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे. काही कार्डांवर तो ताबा घेताना अडकतो आणि चित्र तिथेच थांबतं. बाकी सिस्टीम अनेकदा मागे व्यवस्थित चालू असते.

पहिला उपाय मेन्यूतच आहे. दुसरा पर्याय ‘कम्पॅटिबिलिटी मोड’, तो निवडा. त्यानेही जमलं नाही तर पहिल्या पर्यायावर थांबून ई दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल, ते खोडून त्या जागी नोमोडसेट लिहा. एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, मधे स्पेस नाही. मग एफ१० किंवा कंट्रोल आणि एक्स. या शब्दाचा अर्थ एवढाच की कर्नलने स्क्रीनच्या वाट्याला जाऊ नये, बायोसने जे चित्र लावून दिलंय तेच चालू द्यावं.

हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून सगळं सुरळीत इन्स्टॉल होतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि पुन्हा काळी स्क्रीन. नवशिके इथेच हार मानतात. ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीम निवडायचा प्रोग्राम, त्याच्या मेन्यूत तेच पुन्हा करायचं, बस. मेन्यू दिसत नसेल तर मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा.

उलट चूकही तितकीच होते. नोमोडसेटने स्क्रीन आली म्हणून तो शब्द ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहून टाकायचा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. नोमोडसेट चालू असताना कार्ड काहीच काम करत नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढतो. ब्राइटनेस हलत नाही, दुसरा मॉनिटर सापडत नाही, व्हिडिओ अडखळतो आणि पंखा सतत घोंघावत राहतो. सिनॅमन स्वतःच सूचना दाखवतं की हार्डवेअरची मदत मिळत नाहीये. ड्रायव्हर टाकेपर्यंतचा आधार, एवढाच त्याचा उपयोग.

ताबा कोणाकडे आहे ते बघा

एवढ्या महिन्यांच्या वापरातून एकच सवय सांगायची तर ही: काहीही दुरुस्त करण्याआधी कार्डाचा ड्रायव्हर कोणता चालू आहे ते पाहा. टर्मिनलमध्ये आयएनएक्सआय, स्पेस, डॅश आणि लगेच कॅपिटल जी. प्रत्येक कार्डापुढे ‘ड्रायव्हर’ आणि खाली ‘रेंडरर’ असं लिहिलेलं दिसतं. इंटेलपुढे आय९१५ असेल तर ठीक. एनव्हीडियापुढे नुव्हो असेल तर मुक्त ड्रायव्हर चालू आहे, एनव्हीडिया असेल तर कंपनीचा. ‘एन/ए’ दिसलं तर कार्डाला कोणीच वाली नाही. आणि रेंडररपुढे एलएलव्हीएमपाइप दिसलं (म्हणजे चित्र प्रोसेसरच काढतोय) तर नोमोडसेट राहून गेलाय किंवा ड्रायव्हर लागलेलाच नाही. निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर या चार ओळींतच असतं.

ड्रायव्हर टाकायचा तो मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच. कंपनीच्या संकेतस्थळावरून मोठी फाइल उतरवून चालवू नका. ती पॅकेज व्यवस्थेच्या बाहेरून बसते आणि कर्नल बदलला की तिची जबाबदारी तुमच्यावर येते. यादीत एकाच क्रमांकाचे दोन ड्रायव्हर दिसतात, एकाच्या नावाशेवटी ‘ओपन’ असतं. हा ओपन प्रकार फक्त ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांवर चालतो, म्हणजे जीटीएक्स १६ मालिका, आरटीएक्स २० मालिका आणि नंतरची कार्डं. जीटीएक्स १०५० वर ओपन टाकला तर ड्रायव्हर कार्ड ओळखतच नाही. केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांना ४७० ही शेवटची मालिका. यादीत ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय त्यावर सहसा विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी बायोसमधली सोय. तो चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगितलं जातं. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते आणि कोणतीही की दाबायला जेमतेम १० सेकंद मिळतात. तिथे ‘एनरोल मॉक’ (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची की), मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड, आणि रीबूट. ही स्क्रीन अमेरिकन कीबोर्ड गृहीत धरते, म्हणून पासवर्ड साध्या अक्षरांचा आणि अंकांचा ठेवा. वेळ निघून गेली तर मशीन निमूटपणे पुढे सुरू होतं, पण कर्नल ड्रायव्हर नाकारतो. मॉडप्रोब या ड्रायव्हर चढवणाऱ्या कमांडने एनव्हीडिया हाताने चढवून पाहिला की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं, त्यावरून हे लगेच ओळखता येतं. मॉकयूटिल कमांडने तीच की पुन्हा नोंदवायला लावली की निळी स्क्रीन परत मिळते. सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग. तो सोपा आहे, पण गरज नसताना संरक्षण काढून टाकणं मला पटत नाही.

लॉगिन होऊन परत लॉगिन

पासवर्ड बरोबर, स्क्रीन क्षणभर काळी, आणि पुन्हा लॉगिनची चौकट. पासवर्ड चुकीचा असता तर तसं सांगितलं असतं. म्हणजे डेस्कटॉप सुरू होऊन लगेच कोसळतोय. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड द्या. आधी जागा पाहायची कमांड: डीएफ, स्पेस, डॅश आणि लगेच एच. रूट पार्टिशन (जिथे सिस्टीम असते ते) १०० टक्के भरलं असेल तर कारण सापडलं: तात्पुरत्या फाइली लिहायला जागा नाही. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट त्याच पार्टिशनवर साठत गेले की हे हमखास होतं. जागा असेल तर होम फोल्डरमधली टिंब-एक्सअथॉरिटी (यातला एक्स कॅपिटल) ही लपलेली फाइल पाहा. तिची मालकी तुमच्याऐवजी रूट या प्रशासक खात्याकडे गेली असेल तर कोणीतरी सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवलाय. फाइलचं नाव बदला, लॉगिन केल्यावर नवी तयार होते. परत ग्राफिकल पडद्यावर यायला कंट्रोल, आल्ट, एफ७.

एक्सऑर्ग, म्हणजे स्क्रीनवर चित्र मांडणारा प्रोग्राम, त्याचा लॉग (नोंदींची फाइल) व्हार-लॉग फोल्डरमध्ये असतो. त्यात कंसातल्या दोन कॅपिटल ई शोधा, चूक तिथेच लिहिलेली असते. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ दिसलं आणि ईटीसी-एक्स११ (यातला एक्स कॅपिटल) फोल्डरमध्ये एक्सऑर्ग-डॉट-कॉन्फ फाइल सापडली, तर तिचंच नाव बदलून पाहा. ती फाइल हाताने लिहायचे दिवस केव्हाच गेले. आज स्क्रीन, कार्ड आणि रिझोल्यूशन आपोआप ओळखलं जातं, आणि जुन्या सल्ल्यावरून बनवलेली फाइल त्या ओळखीला आडवी येते. दोन कार्डांच्या लॅपटॉपवर तर फारच.

दुसरा मॉनिटर आणि अक्षरांचा आकार

बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचा पोर्ट एनव्हीडियाच्या कार्डाला जोडलेला असतो. बॅटरी वाचवायला प्राइम-सिलेक्ट या कार्ड निवडायच्या कमांडने फक्त इंटेल निवडलं की तो पोर्ट मेलाच. ‘ऑन डिमांड’ ठेवा: रोजचं काम इंटेलवर, लागेल तेव्हा दुसरं कार्ड. रोजच्या वापरात हीच पद्धत सगळ्यात कमी त्रासाची निघाली.

मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ च्या वर काही मिळत नसेल आणि ड्रायव्हर ठीक असेल, तर केबल किंवा व्हीजीए अडॅप्टर बदलून बघा. मॉनिटर आपली माहिती ज्या तारांवरून पाठवतो त्या हलक्या केबलमध्ये नसतात किंवा तुटलेल्या असतात. फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकला तर तो एचडीएमआय १.४ चा परिणाम. ६० हर्ट्झला पोर्ट आणि केबल दोन्ही २.० लागतात.

अक्षरं बारीक वाटली म्हणून १२५ टक्के स्केलिंग लावणं सोपं आहे, पण एक्सऑर्गवर ते आधी मोठं चित्र काढून मग लहान करतं. कार्डावर भार पडतो आणि कडा जराशा धूसर होतात. फुल एचडी स्क्रीनवर फॉन्टच्या सेटिंगमधला टेक्स्ट स्केलिंगचा आकडा १.२ केलेला केव्हाही चांगला.

अपडेटनंतर

अपडेटने नवा कर्नल आला आणि स्क्रीन गेली, तर ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीचा कर्नल निवडा. म्हणून जुना कर्नल लगेच काढून टाकायचा नाही. आत आल्यावर टर्मिनलमध्ये डीकेएमएस स्टेटस ही कमांड द्या (डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार करतं): नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर त्याच्यासाठी एनव्हीडियाचं मॉड्यूल तयार झालेलं नाही, आणि बहुतेकदा त्या कर्नलची हेडर्स पॅकेज (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) गायब असते. ती टाकली की मॉड्यूल बनतं. स्नॅपशॉट मोठ्या अपडेटच्या आधी घ्यायचा, शक्यतो वेगळ्या डिस्कवर.

अगदी नवं हार्डवेअर असेल तर मूळ २२ उतरवू नका. त्यात ६.८ कर्नल आहे, २२.२ मध्ये ६.१४ आहे. नव्या एएमडी कार्डांसाठी हा फरक स्क्रीन दिसणं आणि न दिसणं इतका मोठा असू शकतो.

लॉगिनच्या वेळी ‘सिनॅमन ऑन वेलँड’ असाही पर्याय दिसतो. वेलँड म्हणजे एक्सऑर्गच्या जागी येणारी नवी पद्धत. त्याच्यावर प्रायोगिक असं स्पष्ट लिहिलंय आणि ते खरं आहे. एकापेक्षा जास्त कीबोर्ड लेआउट वापरणाऱ्यांना मूळ २२ मध्ये तिथे लेआउट बदलण्याची नीट सोय नाही. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर असतील आणि वेलँड हवंच असेल, तर ग्नोम किंवा केडीई हे डेस्कटॉप देणारं डिस्ट्रो घ्या. मिंटवर तूर्त नेहमीचं सेशन चालू द्या.