जावा की पायथन? फ्रेशर असाल तर आधी हे वाचा

भाचा बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, परवा त्याचा मेसेज, "मामा, क्लासवाला म्हणतो पायथन कर, सिनियर म्हणतो जावा कर, फी दोन्हीकडे सारखीच लुटतायत, काय करू?" पहिल्या नोकरीसाठी यातली कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी, यावर त्याला फोनवर तासभर जे बोललो तेच थोडं आवरून इथे लिहितोय.

आधी माझी ठेच सांगतो. मी लागलो तेव्हा फ्लॅशची (वेबसाइटवर गेम, अ‍ॅनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर) हवा होती, त्याची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट येतं म्हटलं की इंटरव्ह्यू अर्धा झालाच समजा. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने पत्र लिहून सांगितलं की आयफोनवर फ्लॅश चालणार नाही, आम्ही कॅन्टीनमध्ये हसलो. दोन-तीन वर्षांत कॉल यायचे बंद झाले, आणि २०२० संपताना अडोबीने फ्लॅश प्लेअरचा सपोर्टच बंद केला. मी तोवर जावात आलो होतो, रडतखडत.

तर जावा. बँका, इन्शुरन्स, तिकीट बुकिंग, यांचं बॅकएंड (पडद्यामागे चालणारा भाग) वर्षानुवर्षं जावात लिहिलंय आणि चालू सिस्टिमला हात लावायची कोणाची टाप नाही, म्हणून मागणी टिकते. जावा २१ येऊन (२०२३) काळ लोटला तरी २०१४ च्या जावा ८ वर चालणारे प्रोजेक्ट अजून भेटतात. जाहिरातीत स्प्रिंग बूट, हायबरनेट (दोन्ही जावाची तयार साधनं) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) ठरलेलं, इंटरव्ह्यूत हॅशमॅप (माहिती पटकन सापडेल अशी साठवायची रचना) आतून कसा चालतो हे ठरलेलं, त्यामुळे तयारी कशाची करायची ते तरी कळतं. काम मात्र बरंचसं दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या कोडमधले बग काढायचं, त्याची तयारी ठेवा. एक अपवाद, अँड्रॉइड करायचं असेल तर जावावर थांबू नका, २०१९ पासून गुगलने तिथे कोटलिन या भाषेला पहिला मान दिलाय.

पायथन शिकायला सोपी, यात वाद नाही. पण "पायथन नंबर वन" ही जी पोस्ट फिरते ना, ती बहुतेक वेळा टिओबी या कंपनीच्या लोकप्रिय भाषांच्या यादीवरून असते, ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन तिथे पहिल्यांदा एक नंबरला गेली. ती यादी सर्च इंजिनवर भाषेचं नाव किती ठिकाणी सापडतं त्यावर बनते, नोकऱ्या मोजून नाही! शिकणारे वाढले, ट्युटोरियल वाढली, की नंबरही चढतो, आणि हेच शिकणारे उद्या तुमच्यासोबत त्याच जागेला अर्ज टाकणार. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर एआयच्या जाहिराती दिसायला लागल्या खऱ्या, पण उघडून बघा, मी बघतो त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तीन वर्षं अनुभव नाहीतर मास्टर्स मागतात. फ्रेशरला पायथनमधून शिरायची वाट म्हणजे ऑटोमेशन टेस्टिंग (सॉफ्टवेअर तपासायचं काम प्रोग्रॅमकडून करून घेणं), नाहीतर डेटाची साफसफाई आणि रिपोर्ट, नाहीतर जँगो-फास्टएपीआय (पायथनची वेबसाठीची साधनं) वापरणारं छोटं स्टार्टअप. कामं वाईट नाहीत, फक्त क्लासच्या फ्लेक्सवर "डेटा सायंटिस्ट" छापलेलं असतं ते हे नव्हे.

माझं मत विचाराल तर स्टॅटिस्टिक्स किंवा गणितात खरंच रस असेल तर डोळे झाकून पायथन, तिथे जावावाला तुमच्यापुढे टिकणार नाही. आकडे बघून झोप येत असेल आणि वर्षभरात पगार सुरू व्हायला हवा असेल तर जावा. आणि जावाला म्हातारी म्हणणाऱ्यांनी १९५९ ची कोबोल भाषा आठवावी, २०२० मध्ये कोविडमुळे बेकारभत्त्याचे अर्ज तुंबले तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरला कोबोल येणारी माणसं द्या हो म्हणावं लागलं होतं.

फी भरायच्या आधी एक करा, जॉब साइटवर पुणे, अनुभव शून्य ते एक वर्ष असा फिल्टर लावून दोन्ही भाषांच्या दहा-दहा जाहिराती नीट वाचा आणि मागितलेली स्किल्स वहीत लिहा. भाच्याने रविवारी केलं. रात्री वहीचा फोटो आला, दोन्ही पानांवर एसक्यूएलखाली लाल रेघा, आणि खाली, "मामा, हे तर सेकंड इयरला होतं, मी ऑप्शनला टाकलेलं."