गच्चीवरचं सोलर : बसवणाऱ्यांचं काम एकदम चोख, पण पैशांचा हिशोब स्वतः करा

मुलुंडला आमची सात मजली सोसायटी आहे, मागच्या वर्षी लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी २० किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं. मी अर्थशास्त्रातली, कोळशावरून सौरऊर्जेवर जाताना पैसा कोणाच्या खिशातून जातो हाच माझ्या अभ्यासाचा विषय, त्यामुळे कमिटीने कोटेशनचा कागद माझ्याच हातात दिला.

कागदावर लिहिलेलं, अडीच वर्षांत पैसे वसूल. बघितलं तर किलोवॅटमागे रोज ५ युनिट धरलेले, तेही बाराही महिने! मुंबईत वर्षाची सरासरी ४ च्या आसपास धरावी, जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याहून बरीच खाली. आणि निम्मे पैसे कर्जाने घ्या म्हणून कंपनीवालेच सांगत होते, पण व्याजाची ओळच नाही. हे मला फार खटकलं, कारण कोळशाच्या विजेत बराच खर्च रोजच्या कोळशाचा असतो, सोलरमध्ये ऊन फुकट पण जवळपास सगळा पैसा पहिल्याच दिवशी घालावा लागतो, म्हणून व्याजदर एक-दोन टक्के इकडेतिकडे झाला तरी सगळं गणित हलतं. मी परत मांडलं तर जवळपास चार वर्षं आली. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन विजेला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, आमचे ३ लाख ६० हजार, ते धरूनसुद्धा चार. तरी पॅनल २५ वर्षांचे, म्हणजे फायदा आहेच, मीटिंगमध्ये मी होच म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मी पंचाहत्तरचा, माझे पैसे कधी फिटणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. मग वर्गणी न काढता रिपेअर फंड आणि कर्ज यातून केलं आणि कर्जाचा हप्ता वाचलेल्या बिलातूनच जाईल असा ठरावच करून घेतला.

फिटिंगचं काम मात्र खरंच मन लावून केलं पोरांनी. पाण्याच्या टाकीची सावली साडेतीननंतर कुठवर येते ते खडूने आखून घेतलं आणि शेवटची रांग तिथून उचलून पुढे घेतली, गच्चीला एक भोक पाडलं नाही, सगळं सिमेंटच्या ठोकळ्यांवर.

नेट मीटरच्या (आपण वापरलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) अर्जात त्यांनी मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट, चुकीचा लिहिला, तो दुरुस्त होईपर्यंत दीड महिना पॅनल नुसते उन्हात, त्याबद्दल साधं सॉरी पण नाही. पाचपैकी साडेतीन. कोणी बोलावणार असाल तर व्याज, पावसाळा आणि दहा-बारा वर्षांनी नवा इन्व्हर्टर, हे तिन्ही कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि कबुतरांची जाळी आधीच मागा, आम्ही नंतर लावली, तोवर दर रविवारी वॉचमन आणि मी पाइप घेऊन वर.