एअर पिस्तुलाची ग्रिप: घरी घासायची की मापाने बनवून घ्यायची?

१० मीटरचं मॅच एअर पिस्तूल घेतलं की बॅरल, सिलिंडर, ट्रिगर यांत घरी हात घालण्यासारखं फारसं काही नसतं. कारखान्यातून येतं ते पुरेसं अचूक असतं. हाताप्रमाणे बदलायची वस्तू एकच, अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, म्हणजे मूठ. सोबत आलेली स्मॉल, मीडियम किंवा लार्ज ग्रिप कानस-पुट्टीने जुळवून घेता येते, किंवा हाताच्या मापाने नवी बनवून घेता येते. सुरुवातीची दोन वर्षं जुळवून घेणंच बरं. प्रश्न फक्त पैशांचा नाही. नवख्याची पकड दर दोन-तीन महिन्यांनी बदलते, आणि मापाने बनवलेली ग्रिप त्या दिवशीची चुकीची पकडही तंतोतंत उचलते.

ग्रिप हाताला न जुळल्याने फरक पडतो तो असा. साइट रेडियस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर, ३५० मिमी धरला, तर फ्रंट साइट (नळीच्या टोकाजवळची नेमखूण) मागच्या साइटच्या खाचेत अर्धा मिमी सरकली की पेलेट, म्हणजे छर्रा, साधारण १४ मिमी बाजूला जातं. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच ११.५ मिमी, म्हणजे हातचा दहा गेला, नऊ पदरात. म्हणून आधी तपासणी: पिस्तूल रिकामं करून उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. असं दहा वेळा. फ्रंट साइट बहुतेक वेळा खाचेत एकाच बाजूला दिसत असेल तर दोष ग्रिपचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असेल तर दोष पकडीचा. तिथे कानस चालवून उपयोग नाही.

हाताला टाल्कम पावडर लावून ग्रिप धरा. गडद लाकडावर पावडर जिथे दाट उठते तिथे दाब, जिथे उठतच नाही तिथे पोकळी. दाब असेल तिथलं लाकूड आधी काढा, एका वेळी अर्ध्या मिमीहून कमी. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची फ्रंट साइट सतत डावीकडे जात असेल, तर ग्रिपच्या उजव्या अंगाला मागच्या टोकाशी, तळव्याच्या टाचेखाली, मिलिमीटरभर थर चढवा. मागचा भाग डावीकडे ढकलला जातो आणि नळी उजवीकडे वळते.

थरासाठी दोन भाग मिसळून लावायची इपॉक्सी पुट्टी घ्या, एम-सीलसारखी. सुतारकामाची पाण्यातली पुट्टी घामाने भुगा होऊन सुटते. लावण्याआधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खालचं वॉर्निश पूर्ण काढा. थर निखळतो तो बहुतेक वेळा इथेच आळस केल्यामुळे. ओल्या पुट्टीवर किचनमधली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळून पकड घ्या, नुसत्या त्वचेने नको. २४ तास सुकू द्या, मग १२० नंबर. त्याहून गुळगुळीत करू नका, घामात हात सरकतो.

एक चूक जवळजवळ सगळे करतात: खालची पाम शेल्फ (तळव्याची कड टेकते ती वर-खाली सरकणारी पट्टी) करकचून आवळतात. थंड हाताला छान वाटतं, पण ७५ मिनिटांच्या मॅचमध्ये, त्यातही मे महिन्यात, हात फुगतो. मग बोटं बधिरतात आणि नाडीचा ठोका साइटमध्ये दिसू लागतो. शेल्फ वीस-तीस शॉट झाल्यावरच बसवा, आणि हाताला जरा फट ठेवा.

मापाची ग्रिप कोणाला घ्यावी? ज्याच्या ग्रिपवर अख्खा सीझन कानस फिरवायची गरज पडलेली नाही, म्हणजे पकड स्थिरावली आहे, त्याला. किंवा ज्याचा हात कुठल्याच तयार मापात बसत नाही त्याला. जर्मनीतल्या रिंकसारखे कारागीर कागदावर काढलेली हाताची आकृती आणि मापं मागवतात. लाकूड सुबक, काम नेटकं, पण वाट पाहावी लागते, कस्टम ड्युटी वेगळी, आणि आल्यावर थोडं घासावं लागतंच. चौदा वर्षांच्या मुलाला ती घेऊन देऊ नका. हात वाढतो, ग्रिप वाढत नाही.

पुट्टी लावून जमलेली तुमचीच ग्रिप स्कॅन करून थ्री-डी प्रिंट काढणं हा मधला मार्ग आम्हाला सर्वांत पटतो. फक्त नायलॉनमध्ये काढा. पीएलए हे थ्री-डी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं; उन्हात उभ्या गाडीत किट राहिलं तर ग्रिपचा आकार बिघडतो.

मार्ग कुठलाही असो, स्पर्धेचे नियम तेच. ग्रिपसह पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. पुट्टीचा थर उजवीकडे फुगला की ५० चं माप हमखास अडतं. शेल्फ ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, तिची कड वर वळलेली नको, अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. घासण्याच्या भरात अंगठ्याच्या टेकूवर छप्पर तयार होतं आणि इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचआधीच्या साहित्य तपासणीत, पिस्तूल परत येतं. म्हणून पुठ्ठ्याची तशी पेटी घरीच करून ठेवा, आणि नवी ग्रिप आली तरी जुनी स्क्रूसकट किटमध्ये राहू द्या.